मागचे दोन

भट्टीच्या दुरुस्तीतून उरले एकशे ऐंशी डॉलर.
थंडर बेमध्ये फेब्रुवारीत भट्टी आधी, सिनेमा नंतर,
एवढं मलाही कळतं.
पण तळघरात समोरचे तीन स्पीकर
चार वर्षं भिंतीला पाठ लावून बसलेत,
आणि सोफ्याच्या मागे सामसूम.

दुकानातला पोरगा, डेव्हिन, म्हणाला,
कुठलेही दोन आणून लावू नका.
आवाजाची जातकुळी एक हवी.
नाहीतर समोरून निघालेली मोटार
तुमच्या कानामागे पोचेपर्यंत दुसरीच मोटार होते.
बाई बोलत बोलत खोली ओलांडते
आणि मध्येच तिला सर्दी होते.
मग त्यानं नव्या जोडीची किंमत सांगितली.
मी हातमोजे चढवले.

माझ्या तिघांची कंपनी कधीच बुडाली.
शनिवारमागून शनिवार, जुन्या मालाची दुकानं.
जाळी काढून आत डोकावायचं,
शंकू कागदी आहे का, कड फाटलीय का,
खोक्यावर बोटानं टकटक,
कलिंगड घेताना करतात तशी.
गोड लागेल की नाही ते घरी नेल्यावरच.

शेवटी सापडला. एकच.
लारिसा कोवालचुकच्या खिडकीत,
डोक्यावर फर्नची कुंडी घेऊन उभा,
उन्हानं विटून चहासारखा झालेला.
चाळीस, ती म्हणाली.
आणि याचा दुसरा?
दुसरा त्याच्याकडे.
वाटणीत सोफा तिला, मोठा फ्रीझर त्याला,
स्पीकर मात्र दोघंही सोडेनात,
म्हणून एकेक.
वकिलानं तसं कागदावर घेतलंय म्हणे,
'डावा' आणि 'उजवा' असं लिहून.

नदीपलीकडे रेयो सालोचं गॅरेज.
उजवा तिथं रंगाच्या डब्यांमध्ये
हॉकीचा सामना ओरडून सांगत होता.
विकायचा नाही, तो म्हणाला.
बरं, मी म्हणालो, आणि गाडीच्या काचेवरचं बर्फ
जरा सावकाशच खरवडलं.
मागून आवाज आला,
तिनं विकला?
हो.
केवढ्याला?
चाळीस.
हीटर घरघरत राहिला. सामन्यात कुणीतरी गोल चुकवला.
मग त्यानं प्लग ओढला,
वायर कोपराभोवती नीट गुंडाळली,
टोकाला गाठ मारली,
आणि म्हणाला, माझे एकेचाळीस.

घासाघीस केली नाही.
एकेचाळीसच मोजून दिले, वरचं नाणं सगळ्यात शेवटी.

घरी उलटे करून पाहिले तर नंबर लागोपाठचे,
एकाच दुपारी एकाच बाकावरून उतरलेले.
एक विटका, एक काळा, डोक्यावर रंगाचा निळा गोल.
चौदा डॉलरची वायर गालिच्याखालून सरकवली,
कानाच्या जरा वर, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना
जुन्या शिडीच्या फळ्या ठोकल्या.
सुंदर दिसतं असं कुणी म्हणणार नाही.

मग तो फुसफुसाट सोडला, तपासणीचा,
एका खोक्यातून दुसऱ्यात फिरणारा.
रिताला मधोमध बसवलं, डोळे मिटायला लावले.
ऐकू येतं तिकडे बोट दाखव.
तिचं बोट खोलीभर फिरलं,
दार, टीव्ही, बॉयलर, माझं पोट,
आणि परत दार,
कुठंही अडखळलं नाही.

फक्त अगदी खालच्या सुरात डावा थोडा खरखरतो.
उघडला तर आत कुंडीची माती,
आणि फर्नचं एक वाळकं पान, बारीक दातांचं.
माती झटकली.
पानाचं काय करावं कळेना, खिशात टाकलं.

रात्री एका सिनेमात ट्रक आला,
समोरून, भरधाव, आमच्या डोक्यावरून.
मी वळून मागे पाहिलं, वेड्यासारखं.
मागे फळ्या, वायर, भिंत.
पण ट्रक तोच होता.

उरले पंच्याऐंशी.
रिता म्हणाली, आता बूट.